आरसी बुक हरवलेली जुनी गाडी मोडीत काढायची कशी? भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्याआधी हे वाचा

ढोकी : गावात एक चक्कर मारली तर प्रत्येक आळीत एखादी तरी गाडी अशी सापडते, की जिला आता कुणी विचारत नाही. गोठ्याला टेकून उभी असलेली कमांडर जीप, तिच्या हुडावर रचलेला कडबा, आत कोंबड्यांचा खुराडा. कुठं शेडमागं मॅटाडोर, कुठं चाकं काढून दगडावर उभी केलेली ट्रॅक्स. कधीकाळी हौसेनं घेतलेल्या या गाड्या. येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेला, तुळजापूरला नवरात्रात, भाचीच्या लग्नाच्या वऱ्हाडाला अख्खं घर यांच्यातच कोंबून गेलेलं असतं. आता इंजिन जाम, पासिंग संपलेली, आणि कागद विचारले तर घरातलं कुणीतरी म्हणतं, "ते आबांच्या पेटीत होते, आबा गेल्यावर पेटी कुणी हलवली ठाऊक नाही."

मग एक दिवस भंगारवाला दारात येतो. गाडीभोवती दोन फेऱ्या मारतो, आकडा सांगतो, संध्याकाळी गॅस कटर आणून तिचे चार तुकडे करून घेऊन जातो. जागा मोकळी झाली, चार पैसे आले, विषय संपला असं घरच्यांना वाटतं. पण आरटीओच्या दप्तरी ती गाडी अजून जिवंत असते, आणि मालक म्हणून तिथं आपलंच किंवा आपल्या वडिलांचं नाव असतं. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

गाडी गेली, नाव राहिलं

गाडीची ओळख दोन नंबरांत असते, चेसी नंबर आणि इंजिन नंबर. नंबर प्लेट त्याच्यानंतर येते. चोरीच्या गाड्यांचा धंदा करणारी टोळी याच गोष्टीच्या शोधात असते. मोडीत गेलेल्या गाडीचं आरसी बुक आणि चेसीचा तो तुकडा हाती लागला, की त्याच मॉडेलच्या चोरीच्या गाडीवर तो नंबर बसतो आणि चोरीची गाडी कागदोपत्री "स्वच्छ" होते. ती उद्या कुठं दारूच्या वाहतुकीत किंवा वाळूच्या खेपेत सापडली तर पोलीस आधी नोंदणीवरच्या नावाच्या दारात येतात. "मी तर ती भंगारात दिली" हे तोंडी सांगून भागत नाही, कागद दाखवावा लागतो.

यापेक्षा मोठा धोका अपघाताचा आहे. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात निकाल दिला. त्यातली गाडी पहिल्या मालकानं विकली होती, पुढं ती एकामागून एक हातात गेली, पण आरटीओत नाव कुणीच बदललं नव्हतं. अपघात झाला. न्यायालयानं सांगितलं की नोंदणीवर ज्याचं नाव तोच कायद्यानं मालक, भरपाईची जबाबदारी त्याचीच. ज्याचा माणूस गेला त्यानं गाडी कुणी कुणाला विकली याचा माग काढत फिरायचं का, असा त्यामागचा साधा विचार. म्हणजे आपण दहा वर्षांपूर्वी बाँडवर विकलेली जीप आज कुणी भंगारातून दुरुस्त करून रस्त्यावर आणली, तिला विमा नाही, आणि तिनं कुणाला उडवलं, तर नोटीस आपल्या नावानं येऊ शकते.

आपल्याकडं "बाँडवर दिली" हा शब्द फार सहज वापरला जातो. बाँड पेपरवर लिहिलेला आणि नोटरी केलेला व्यवहार दोघांतला करार म्हणून उपयोगी आहे, पैशांचा वाद झाला तर तो दाखवता येतो. पण त्यानं आरटीओच्या नोंदीतलं नाव बदलत नाही. जमिनीचं जसं खरेदीखत झालं तरी फेरफार ओढावा लागतो, तसंच हे.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५ मध्ये याचं उत्तर आहे. गाडी नष्ट झाली किंवा कायमची वापरायच्या लायक राहिली नाही, तर मालकानं चौदा दिवसांच्या आत किंवा जमेल तितक्या लवकर आरटीओला तसं कळवायचं आणि आरसी बुक जमा करायचं. मग नोंदणी रद्द होते. नोंदणी रद्द झाली की त्या गाडीशी आपलं नातं तुटलं.

यात एक सोय अशी आहे, जी बऱ्याच जणांना माहीत नसते. गाडी ज्या आरटीओत नोंदवली तिथंच जायला पाहिजे असं नाही. आपण जिथं राहतो आणि गाडी जिथं उभी असते तिथल्या आरटीओला कळवता येतं. गाडीचा नंबर एमएच १२ म्हणजे पुण्याचा असो, एमएच १३ म्हणजे सोलापूरचा असो की एमएच २४ म्हणजे लातूरचा, गाडी ढोकीत उभी असेल तर अर्ज धाराशिवच्या कार्यालयात देता येतो. ते कार्यालय तो कागद मूळ कार्यालयाकडं पाठवतं. जुन्या आरसी बुकवर "उस्मानाबाद" लिहिलंय म्हणून ते बाद झालं, असंही काही जण सांगत फिरतात. त्यात तथ्य नाही. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं, गाडीची नोंद तीच आहे आणि एमएच २५ हा नंबरही तोच आहे.

दुसरा कायदा नवा आहे. केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२१ मध्ये गाड्या मोडीत काढणाऱ्या केंद्रांचे नियम लागू केले. त्यानुसार गाडी तोडायचं काम नोंदणी झालेल्या स्क्रॅप केंद्रानंच करायचं. गाडी ताब्यात घेतल्यावर हे केंद्र मालकाला जमा प्रमाणपत्र देतं, गाडी तोडून झाल्यावर स्क्रॅप झाल्याचं प्रमाणपत्र तयार होतं, आणि सगळी नोंद वाहन नावाच्या सरकारी संगणक प्रणालीत जाते. गाडी घेण्याआधी ती चोरीच्या यादीत आहे का, तिच्यावर कर्जाचा बोजा आहे का, पोलीस केस आहे का, हे केंद्राला तपासावं लागतं. भंगारवाला आणि केंद्र यांच्यातला फरक हाच. भंगारवाला वजन बघतो, केंद्राला कागद बघावाच लागतो.

तिसरा भाग १ एप्रिल २०२५ पासूनचा. पर्यावरण खात्याच्या नव्या नियमांनुसार आयुष्य संपलेली गाडी मालकानं १८० दिवसांच्या आत अशा केंद्रात किंवा त्यांच्या संकलन केंद्रात द्यायची आहे. ज्या गाडीची वैध नोंदणी राहिली नाही तीही यात येते. शेतीचा ट्रॅक्टर, शेतीची ट्रॉली, हार्वेस्टर आणि पॉवर टिलर यांना या नियमातून वगळलं आहे. मात्र ट्रॅक्टरची आरटीओतली नोंदणी रद्द करायचं काम त्यामुळं माफ होत नाही, कलम ५५ ट्रॅक्टरलाही लागू आहे.

पासिंग पुन्हा करायची का?

"आधी पासिंग करून घ्या, मग बघू" असं सांगणारे एजंट भेटतात. गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर ते बरोबर. मोडीतच काढायची असेल तर हा फुकटचा खर्च आहे. हिशेब बघा.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारसायकलला नूतनीकरणाची फी १,००० रुपये आणि जीप-कारला ५,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांची फी आणखी वाढली, मोटारसायकल २,००० आणि जीप-कार १०,०००. त्यावर उशिराचा आकार वेगळा, मोटारसायकलला महिन्याला ३०० रुपये आणि इतर खासगी गाड्यांना महिन्याला ५००. म्हणजे दहा वर्षांपूर्वी पासिंग संपलेल्या जीपचे १२० महिने गुणिले ५०० असे साठ हजार नुसते उशिराचे. वरून फी, पर्यावरण कर, विमा. जीपच्या भंगाराला तेवढे पैसे येणार नाहीत.

स्क्रॅप केंद्राच्या नियमात, नोंदणीचं नूतनीकरण झालेलं नाही अशी गाडीही मोडीत घ्यायची तरतूद आहे. त्यामुळं नुसती तोडायला द्यायची म्हणून पासिंग करायची गरज नाही. फक्त ती गाडी चालवत नेऊ नका. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर सापडली तर पहिल्या वेळेला दोन ते पाच हजारांचा दंड आहे, विम्याचा वेगळा. केंद्राची ओढून न्यायची गाडी येते, ती बोलवा.

नाव आपलंच, फक्त आरसी बुक हरवलं

हे सगळ्यात सोपं. आधी मोबाइलवर परिवहनच्या साइटवर किंवा एम परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघा. गाडी दिसली, नावाची पहिली-शेवटची अक्षरं जुळली, तर निम्मं काम झालं. मग महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर किंवा ढोकी पोलीस ठाण्यात आरसी बुक गहाळ झाल्याची नोंद करा आणि तिची प्रत घ्या. गुन्हा दाखल करायची गरज नाही, गहाळ नोंद पुरते. त्यानंतर दुय्यम आरसीसाठी नमुना २६ चा अर्ज. सोबत आधार, गहाळ नोंद आणि चेसी नंबरची पेन्सिल छाप. छाप कशी घ्यायची, तर चेसीवरचा गंज डिझेलच्या बोळ्यानं पुसायचा, वर पांढरा कागद धरायचा आणि शिसपेन्सिल आडवी धरून घासायची, नंबर कागदावर उठतो. जीपला हा नंबर बहुधा बोनेटखाली किंवा पुढच्या बाजूच्या चेसीवर असतो. फार गंजला असेल तर पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर मारू नका. नंबर खोडला गेला तर खाडाखोडीचा संशय आपल्यावरच येतो.

मात्र अर्ज करण्याआधी एक फोन स्क्रॅप केंद्राला करा. गाडी वाहन प्रणालीत दिसत असेल आणि गहाळ नोंद असेल तर आणखी काय लागेल ते केंद्रच सांगतं. आरटीओच्या अर्जावरही "गाडी वापरायची नाही, मोडीत काढायची आहे" असं स्पष्ट लिहा. नाहीतर खिडकीवरचा माणूस विमा आणि पीयूसी मागत बसेल, आणि तो त्याच्या जागी बरोबरही असेल.

मोबाइलवर गाडी दिसलीच नाही तर? फार जुन्या गाड्यांचं असं होतं. १९८९ च्या आधी एमएच २५ सारखे नंबर नव्हते, इंग्रजी तीन अक्षरांचे नंबर होते. त्यांच्या नोंदी कागदी रजिस्टरात आहेत आणि सगळ्या संगणकावर चढलेल्या नाहीत. त्यात लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादेतून वेगळा झाला, त्यामुळं त्या काळातल्या गाडीची नोंद नेमकी कुठल्या कार्यालयात आहे हेही शोधावं लागतं. अशा वेळी आरटीओत बॅकलॉग एन्ट्रीचा अर्ज द्यायचा. जुन्या विम्याची पावती, टॅक्सची पावती, जुनं चलन, काहीही सापडलं तरी जोडा. जुन्या विमा पॉलिसीवर चेसी आणि इंजिन नंबर दोन्ही छापलेले असतात, ती पेटीत सापडली तर सोनं समजा.

गाडी वडिलांच्या नावावर, वडील हयात नाहीत

गावात ही प्रकरणं सगळ्यात जास्त. वडिलांच्या मागं शेताचा वारस फेर होतो, सातबाऱ्यावर भावांची नावं लागतात, आणि सगळ्यांना वाटतं गाडीचंही झालं. तलाठ्याचा फेरफार जमिनीला. गाडीला वेगळा अर्ज, नमुना ३१. नियमानं मृत्यूनंतर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नाव बदलायचा अर्ज करायचा. आपल्याकडं तेराव्यालाही गाडीची आठवण कुणाला येत नाही, त्यामुळं उशीर गृहीत धरूनच चालायचं.

मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती देणारं प्रतिज्ञापत्र आणि बाकीच्या वारसांची संमती, एवढं जमवा. संमतीत बहिणींना विसरू नका. लग्न होऊन गेलेली बहीणही वारस आहे आणि तिची सही नंतर मागायला गेलं की जुनी दुखणी बाहेर येतात. भावाभावांत वाद असेल तर आरटीओ त्यात पडत नाही, दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला आणायला सांगतं. दहा-पंधरा हजारांच्या भंगारासाठी कोर्टात जायचं का, हा प्रश्न खराच. अशा घरात आधी बसून एकाच्या नावानं संमती करून घेणं आणि आलेले पैसे वाटून घेणं स्वस्त पडतं.

ज्यांच्या गाड्या अजून चालू आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. २०२१ पासून आरसीवर नॉमिनी लावता येतो. बँकेच्या पासबुकासारखंच. पुढच्या पिढीचा हा त्रास त्यानं बराच वाचतो.

आरसीवर तिसऱ्याचंच नाव

समजा, जीप २००६ ला बार्शीच्या बाजारात एकाकडून बाँडवर घेतली. आरसीवर नाव त्याचंही नाही, त्यानं ज्याच्याकडून घेतली त्याचं आहे. आता तो कुठं असेल? इथं घाई करून चालत नाही. कायद्याच्या दृष्टीनं आपण मालक नाही, म्हणून आपण ती गाडी स्क्रॅपला देऊ शकत नाही.

पहिला मार्ग, नोंदणीवरचा माणूस शोधायचा. आरटीओच्या नोंदीत त्याचा पत्ता असतो. जुन्या विम्यावर असतो. गाव लहान असेल तर पोस्टमन आणि ग्रामपंचायतीचा शिपाई यांच्याइतकं कामाचं कुणी नाही. माणूस भेटला तर दोन वाटा आहेत. एक, नमुना २९ आणि ३० वर म्हणजे टीटी फॉर्मवर सह्या घेऊन गाडी आपल्या नावावर करायची आणि मग मोडीत काढायची. दुसरी वाट छोटी आहे, त्याच्याच नावानं गाडी स्क्रॅपला द्यायची. तो केंद्राच्या अर्जावर सही करतो, आपल्याला अधिकारपत्र देतो, पैसे त्याच्या खात्यात येतात आणि तो आपल्याला देतो. पैशांबद्दल आधीच दोन ओळी लिहून घेतलेल्या बऱ्या. यात त्याचाही फायदा आहे, त्याच्या नावावरचं लचांड सुटतं. हे त्याला नीट समजावून सांगितलं तर बहुतेक लोक सही द्यायला तयार होतात. वर सांगितलेला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याला सांगा, लगेच पटतं.

माणूस वारला असेल तर त्याचे वारस, म्हणजे वर सांगितलेलं सगळं त्यांच्या घरात.

आणि माणूस सापडलाच नाही तर? नोंदणीवरच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवा. "अमुक नंबरची गाडी माझ्याकडं अमुक सालापासून आहे, मोडीत काढायची आहे, आपण संपर्क करा" एवढंच. ते परत आलं तर पाकीट न फोडता जपून ठेवा. मग खरेदीचा बाँड, परत आलेलं पाकीट आणि पेन्सिल छाप घेऊन आरटीओत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. गाडी दुरुस्तीच्या पलीकडं गेली आहे आणि रस्त्यावर आली तर धोक्याची आहे, असं तपासणीत आढळलं तर मालकाला म्हणणं मांडायची संधी देऊन नोंदणी रद्द करायचा अधिकार आरटीओला कलम ५५ नंच दिला आहे. याला वेळ लागतो. पण आपला अर्ज आणि त्यावरचा शिक्का आपल्याकडं राहतो, आणि उद्या काही झालं तर आपण लपवाछपवी केली नाही हे त्यावरून दिसतं.

बँकेचा बोजा

गाडी कर्जावर घेतली होती, कर्ज कधीच फिटलं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच आहे. असा बोजा असलेली गाडी केंद्र घेत नाही. बँकेचं ना हरकत पत्र आणि नमुना ३५ घेऊन तो उतरवावा लागतो.

अडचण अशी की ती बँकच आता त्या नावानं राहिलेली नसते. जुन्या लोकांनी हैदराबाद बँकेतून कर्ज काढलं, ती १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत गेली. मराठवाडा ग्रामीण बँकेचं कर्ज असेल तर ती २००९ मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली. बँक विलीन झाली की जुनं दप्तर नव्या बँकेकडं जातं, म्हणून ना हरकत नव्या बँकेनं द्यायचं असतं. शाखेतला नवा साहेब "आमच्याकडं रेकॉर्ड नाही" म्हणाला तर हार मानू नका. लेखी अर्ज द्या, कर्ज फेडल्याची पावती किंवा जुनं पासबुक जोडा आणि पोच घ्या. बँक बंदच पडली असेल तर ना हरकत अवसायकाकडून मिळतं. उस्मानाबादच्या वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२१ मध्ये रद्द केला, तेव्हा अशा बँकेच्या जुन्या कर्जदारांनी शाखेत हेलपाटे मारण्यापेक्षा थेट अवसायकाच्या कार्यालयाशी पत्रव्यवहार करावा.

ट्रॅक्टरच्या कर्जात आणखी एक गाठ असते. त्या कर्जाला बहुधा जमीन तारण दिलेली असते आणि बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कातही चढलेला असतो. आरसीवरचा बोजा उतरला म्हणून सातबाऱ्यावरचा उतरत नाही. बँकेकडून एकाच खेपेला दोन कागद मागा, एक आरटीओसाठी आणि एक तलाठ्यासाठी. पीक कर्जाच्या वेळेला हा जुना बोजा आडवा आल्यावर मग धावाधाव होते.

आपल्या शेतात कुणी सोडून गेलेली गाडी

रस्त्याकडेच्या रानात कुणी मोटारसायकल किंवा जुनी गाडी सोडून जातं, वर्षभर कुणी नेत नाही. ही गाडी विकायचा किंवा तोडायचा अधिकार आपल्याला नाही, जमीन आपली असली तरी. पोलीस ठाण्यात लेखी कळवायचं. बेवारस मालाचा पंचनामा करून पोलीस ती ताब्यात घेतात, मालक शोधतात, आणि पुढं आदेश घेऊन लिलाव होतो. तसंच कुणी अनोळखी माणूस कागद नसलेली गाडी फार स्वस्तात देत असेल तर हात लावू नका. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसा संशय यायला जागा असताना तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. भंगारवाल्यालाही तो लागतो आणि घेणाऱ्या शेतकऱ्यालाही.

पोलीस लिलावात गाडी घेणाऱ्यांनी जाहिरातीतली एक ओळ नीट वाचावी. गाडी "भंगार म्हणून" विकली जात असेल तर ती पुन्हा रस्त्यावर आणता येत नाही. चालवण्यासाठी विकली असेल तर नमुना ३२ वर नाव करून घ्यायचं.

लुना, ट्रॉली आणि वरातीचा टेम्पो

लुनाला गाडी कोण म्हणतं, असं हसून सोडून देतात. कायद्यात पंचवीस सीसीपर्यंतच्या चारपेक्षा कमी चाकांच्या गाड्या सोडल्या आहेत. लुना पन्नास सीसीची, म्हणजे तीही गाडीच आणि तिचीही नोंदणी रद्द करायची. ट्रॉलीचंही तसंच, कायद्यात ट्रेलर ही मोटार गाडीच आहे. गावातल्या वर्कशॉपमध्ये बनवलेल्या आणि कधी पासच न केलेल्या ट्रॉलीला रद्द करायला नोंदणीच नसते. पण बनवल्याचं किंवा विकत घेतल्याचं बिल असेल तर विकताना ते सोबत द्या.

डीजेसाठी किंवा वरातीसाठी बॉडी बदललेल्या टेम्पोंचा प्रश्न वेगळा आहे. वरून कितीही बदललं तरी आरटीओ चेसी बघतं. आरसीवर एक आणि समोर दुसरंच असं असेल तर मोडीत काढतानाही विचारणा होते. अर्जातच खरं ते लिहून टाकावं.

आधीच तोडून झाली असेल तर

बऱ्याच वाचकांचं हेच झालेलं असणार. गाडी चार-पाच वर्षांपूर्वी भंगारात गेली, आरसी बुक मात्र कपाटात आहे. वेळ गेलेली नाही. कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाल्याचा अर्ज, कुणाला आणि साधारण कधी दिली याचं प्रतिज्ञापत्र आणि मूळ आरसी बुक आरटीओत जमा करा. भंगारवाला ओळखीचा असेल तर त्याचंही लेखी घ्या. त्याआधी नंबर टाकून ई-चलन बघा. तोडलेल्या गाडीच्या नावानं नवं चलन दिसलं तर समजा नंबर कुणीतरी वापरतंय, आणि आरटीओच्या आधी पोलीस ठाणं गाठा. आरसी बुक रिकामं झालं म्हणून ते भंगारवाल्याला देऊन टाकायची पद्धत आहे, ती मात्र बंद करायला हवी. गाडीपेक्षा त्या कागदालाच बाजारात किंमत आहे.

पैसे किती, आणि गाडी देताना

केंद्रं दर वजनावर काढतात. सरकारच्या धोरणात भंगाराची किंमत नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या साधारण चार ते सहा टक्के धरली आहे. गावातला भंगारवाला कधीकधी यापेक्षा दोन पैसे जास्त देतो, हे खरं आहे. तो इंजिन, गिअर बॉक्स, डिफरन्शियल सुटं विकतो आणि बाकीचा पत्रा पुढं जातो. मराठवाड्यातलं भंगार शेवटी जालन्याच्या भट्ट्यांत वितळून सळई होऊन परत आपल्याच बांधकामावर येतं.

केंद्राला देण्यात जमा प्रमाणपत्राचा फायदा आहे. ते दाखवून नवी गाडी घेतली तर नोंदणी फी माफ होते आणि रोड टॅक्समध्ये सवलत मिळते. केंद्राच्या नियमात खासगी गाडीला ही सवलत पंचवीस टक्क्यांपर्यंत आणि धंद्याच्या गाडीला पंधरा टक्क्यांपर्यंत ठेवली आहे, प्रत्यक्षात किती ते राज्य ठरवतं, म्हणून शोरूमला जाण्याआधी आरटीओत चालू दर विचारा. नवी गाडी घ्यायचीच नसेल तर हे प्रमाणपत्र दुसऱ्याला देता येतं, त्याची मुदत त्यावर लिहिलेली असते. शोरूमवाले अशी प्रमाणपत्रं शोधत असतात, म्हणून ते फुकटात देऊ नका.

नोंदणी झालेल्या केंद्रांची यादी परिवहन खात्याच्या व्हीस्क्रॅप पोर्टलवर जिल्ह्यानुसार बघता येते. "आम्ही सरकारमान्य आहोत" असं सांगत गाडी न्यायला आलेल्या माणसाचं केंद्र त्या यादीत आहे का, हे मोबाइलवर तिथंच बघा. सहसा आरसी, आधार, पॅन, रद्द केलेला चेक आणि गाडीचे फोटो मागतात. पैसे खात्यातच घ्या, रोखीत नको.

गाडी ओढून नेण्याआधी डॅशबोर्डचा खण, सीटखालची जागा आणि टूल बॉक्स बघून घ्या, हरवलेलं आरसी बुक तिथंच सापडल्याची उदाहरणं कमी नाहीत. बॅटरी काढून ठेवली असेल तर ती घरात फोडू नका, शिशाचं पाणी विहिरीत उतरतं. डिझेलची टाकी आणि गॅस किटचा सिलिंडर घरच्या आवारात कटरनं कापू देऊ नका, रिकामी दिसणारी टाकीही आतल्या वाफेनं उडते. फास्टॅग लावलेला असेल तर तो बँकेकडून बंद करून घ्या आणि चालू विमा असेल तर कंपनीला कळवा. आणि गाडी गेल्यावर महिनाभरानं एम परिवहनवर तोच नंबर पुन्हा टाकून नोंदणी रद्द झाल्याचं दिसतं का ते बघा. दिसत नसेल तर जमा प्रमाणपत्राची झेरॉक्स घेऊन धाराशिवच्या आरटीओत जायचं, मूळ प्रत घरीच ठेवायची.